दोनदा जप्त झालेला चाबूक

मित्रांनो, माझी मूठ तांबूस लाकडाची आहे. मुठीच्या गळ्याशी पितळेची तीन कडी आहेत आणि आठ पेडांची माझी वादी अजून एकाही ठिकाणी उसवलेली नाही. एवढे असूनही मला आता कुणी घोड्यावर नेत नाही. मी एक जुना चाबूक आहे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जिल्हा न्यायालयात, मुद्देमालाच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम आहे. शेजारी एक चेपलेली किटली आहे आणि एकाच पायाचा बूट आहे. त्यांची नोंद एकेकदा झाली, माझी मात्र दोनदा. पहिल्या वेळी मी खुनाचे हत्यार होतो, दुसऱ्या वेळी हल्ल्याचे. दोन्ही वेळा मला धरणारी माणसे एकाच घरातली होती. त्यांच्याइतकी निरुपद्रवी माणसे मी दुसरी पाहिली नाहीत.

मला सातारबाबांनी घडवले. ते आमच्या खोऱ्यातले नामांकित वादी विणणारे. ओढ्याकाठच्या तांबड्या झुडपाची फांदी त्यांनी पानगळीनंतर तोडली. मेंढीची चरबी चोळून चोळून आणि आचेवर धरून धरून तिला वळण दिले. वासराचे कातडे आंबट दुधात ठेवले, केस खरवडले, पट्ट्या कापल्या आणि अख्खा हिवाळा त्या विणण्यात घालवला. चाबूक घाईने विणला तर तो घोड्याशी खोटे बोलतो, असे ते म्हणत. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण ते म्हणताना त्यांचे हात थांबत, एवढे आठवते.

वसंतात त्यांच्या मुलीचे, साल्कीनचे, लग्न झाले. त्या दिवशी त्यांनी मला जावयाच्या, म्हणजे इशेनच्या, हातात ठेवले आणि सगळ्यांसमोर बजावले, "हा घोड्यासाठी आहे. माझ्या मुलीवर उगारलास तर मी येऊन परत घेऊन जाईन."

इशेन म्हणाला, "तुमची मुलगीच माझ्यावर उगारील, मामा, याची भीती आहे. तेव्हाही याल ना?"

मंडपातली माणसे पोट धरून हसली. साल्कीन बुरख्याआडून हसली, ते फक्त मला दिसले.

त्यानंतरची सव्वीस वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. उन्हाळा आला की ती दोघे घोड्या घेऊन वरच्या कुरणात जात. लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला की मी दाराबाहेर, पुरुषांच्या बाजूला, खुंटीवर टांगला जाई. चाबूक हातात घेऊन कुणाच्याही दारातून आत जायचे नाही, ही आमच्याकडची रीत. आत जाणाऱ्याने चाबूक बाहेर ठेवला म्हणजे तो भांडायला आलेला नाही. इशेन तर स्वतःच्या तंबूत शिरतानाही मला आधी टांगत असे. साल्कीन त्याला चिडवायची, "काय हो म्हातारबा, माझ्याशी भांडायचं नाही वाटतं आज?" त्याची तेव्हा तिशीही उलटली नव्हती. तो तिला बाईसाहेब म्हणे. मूलबाळ झाले नाही. त्याचे दुःख दोघांनी आपापसात वाटून घेतले आणि शिंगरांना लळा लावला.

इशेनने मला घोड्याच्या अंगावर फारसे वापरले नाही. हवेत एक आवाज काढला की त्याचा घोडा समजून घेई. दोनदा लांडगा आला होता. लांडग्यासाठी चाबूक उलटा धरतात, वादी मनगटाला गुंडाळतात आणि जाड मुठीने हाणतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावरून पुढे एका बाईची साडेतीन वर्षे गेली.

तो ऑगस्टचा महिना होता आणि भर दुपार. धुके इतके उतरले होते की दोरीला बांधलेली शेवटची शिंगरे दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. साल्कीन घोड्यांचे दूध काढत होती. इशेन बाकीच्या घोड्या वळवायला गेला, तेव्हा धुक्यातून तीन घोडेस्वार निघाले. त्यांनी आमच्या सहा घोड्या वेगळ्या काढल्या होत्या आणि खिंडीकडे हाकत होते. इशेनने त्यांना हाक मारली. त्याला वाटले, चुकून शेजारच्या तळावरची माणसे आपल्या घोड्या नेताहेत. तो इतका भाबडा होता.

त्यातल्या एकाने त्याच्या गुडघ्यावर सोटा हाणला. इशेन खाली पडला, मी त्याच्या हातातून उडून गवतात पडलो आणि घोडा उधळला. सोटा हाणणारा खाली उतरला आणि त्याने मारायला सुरुवात केली. पाठीवर, कुशीवर, पुन्हा गुडघ्यावर. त्याच गुडघ्यातून हाड फुटल्याचा आवाज आला. बाकीचे दोघे घोड्यावरच होते. एक जण म्हणाला, "बस झालं, चल." मारणारा थांबला नाही.

साल्कीन धावत आली. तिच्या हाताला अजून दूध लागलेले होते. तिने गवतात चाचपले आणि मी तिच्या हाती लागलो. मित्रांनो, मी कसा हाती लागलो, ते मी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. माझी वादी तिच्याकडे होती आणि मूठ पलीकडे. तिने मला उलटे धरले नाही. मी तसा पडलो होतो.

तिने पहिला फटका मारला, तो त्या माणसाच्या खांद्यावर बसला. तो वळला. सोटा त्याच्या हातातच होता. तिने दुसरा मारला, तो कानशिलावर बसला. दोन फटक्यांमध्ये एका श्वासाचे अंतर होते. पहिल्या फटक्यानंतर त्याचा हात खाली येत होता की वर जात होता, हे मलाही माहीत नाही. मी तेव्हा हवेत होतो.

तो माणूस जागच्या जागी बसला आणि मग आडवा झाला. बाकीचे दोघे धुक्यात पळाले. साल्कीनने आधी इशेनकडे पाहिले, तो कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. मग ती त्या दुसऱ्याकडे वळली. फडके सरकून त्याचा चेहरा उघडा पडला होता आणि तो फार तर पंचविशीचा होता. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले, ओंजळीने पाणी पाजायचा प्रयत्न केला. पाणी ओठांच्या कडेने सांडले. शेजारच्या तळावरची माणसे आली तेव्हाही ती तशीच बसली होती. तिने मला ओढ्यात फेकून दिले असते तर कुणी विचारलेही नसते. तिने मला त्या माणसाच्या बाजूला नीट ठेवले.

मेलेल्याचे नाव एर्मेक. तो खालच्या गावातल्या कादिरकुलचा भाचा. कादिरकुल म्हणजे कत्तलखान्याचा मालक, आणि पोलीस ठाण्याच्या नव्या छपरासाठी पत्रे देणारा. चोरलेल्या घोड्या कुठे जातात हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होते. ते मोठ्याने म्हणणारे मात्र कुणी नव्हते.

माझ्या गळ्यात पहिली चिठ्ठी तेव्हा बांधली गेली.

तेव्हाचा कायदा असा होता. कुणी अंगावर आला तर स्वतःला किंवा आपल्या माणसाला वाचवायला हरकत नाही. पण जेवढा धोका असेल तेवढाच जोर लावायचा. धोका संपला की त्याच क्षणी थांबायचे. आणि पळून जाणे शक्य असेल तर आधी पळायचे. वाचायला हा कायदा बरा वाटतो. तो उबदार खोलीत बसून लिहिला होता.

खटल्यात मला टेबलावर ठेवले होते. सरकारी वकिलाने मला उचलले, उलटे धरून दाखवले आणि सांगितले की या भागात चाबूक असा कशासाठी धरतात ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे बाईला मारायचेच होते. मग न्यायाधीशांनी साल्कीनला स्वतः विचारले.

"तळावर तुमचा घोडा होता. तुम्ही निघून का गेला नाहीत?"

"माझा माणूस खाली पडला होता, साहेब."

"फटके किती मारलेत?"

"दोन."

"पहिल्या फटक्यानंतर तो थांबला होता का?"

"ते बघायला मी थांबले नाही, साहेब."

लेखनिकाने लिहिले : आरोपीने थांबून पाहिले नाही. त्या एका ओळीवर सहा वर्षांची शिक्षा उभी राहिली. निकालपत्रात म्हटले होते की पहिला फटका बचावाचा होता आणि दुसरा मर्यादेबाहेरचा.

तिची वकील मीरगुल नावाची मुलगी होती. नुकती वकिली सुरू केलेली, सगळीकडे धापा टाकत येणारी. ती साल्कीनला एजे म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसे. निकालानंतर ती याच खोलीत, माझ्या नोंदीवर सही करायला आली, तेव्हा तिच्याबरोबर हातकडी घातलेली साल्कीनही होती. मीरगुल दबक्या आवाजात म्हणाली, "एजे, एक म्हणाला असतात तर तुम्ही आज घरी असता. मोजायला तिथं कोण होतं?"

साल्कीन म्हणाली, "मी होते की."

त्या खटल्यात आणखी एक बाई रोज येऊन मागच्या बाकावर बसत असे. ती एर्मेकची आई, बुरुल. ती विधवा होती आणि भावाच्या, म्हणजे कादिरकुलच्या, घरी राहत होती. शेवटच्या दिवशी टेबलाजवळून जाताना तिने बोटाने माझ्या पितळी कड्याला स्पर्श केला. मित्रांनो, मी लाकूड आणि कातडे आहे, मला लाज कशी असणार? पण त्या वेळी मला परत झुडूप व्हावेसे वाटले.

मग कायदा बदलायची चळवळ सुरू झाली. मीरगुलने साल्कीनची हकीकत लिहिली, ती वर्तमानपत्रात आली. राजधानीतल्या एका खासदाराने ती वाचली. कुरणांवरून पत्रे आली, त्यांत बायकांच्या अंगठ्याचे ठसे होते. नवऱ्याच्या मारातून वाचायला हात उचललेल्या आणि म्हणून शिक्षा भोगणाऱ्या बायकांचीही पत्रे आली. श्वास मोजत बसणारा कायदा कुणालाच नको होता. साल्कीनने तुरुंगातून लिहिले होते, "माझ्यासाठी नका करू. पण पुढच्या बाईला पळ म्हणून सांगू नका." तुरुंगात ती कामगारांचे हातमोजे शिवत होती.

खासदाराने खास परवानगी काढून मला समितीपुढे नेले. मी पहिल्यांदा संगमरवरी खांब पाहिले. त्याने मला उंच धरून भाषण केले. हा चाबूक म्हणजे या देशातल्या प्रत्येक दुबळ्या माणसाचा हात आहे, असे काहीतरी तो म्हणाला. छायाचित्रे निघाली, टाळ्या पडल्या. मला सगळ्यात जास्त आठवते ते असे, की त्याने मला वादीकडून धरले होते. तो शहरातला माणूस, त्याला चाबूक कसा धरतात ते माहीत नव्हते. मुठीकडचे टोक सभापतींच्या दिशेला होते. पण तुम्हाला कुणाला मारायचे आहे, असे त्याला कुणी विचारले नाही.

मसुद्यात लिहिले होते : घरात, आवारात किंवा चराईच्या तळावर कुणी हत्यार घेऊन आला आणि तिथल्या माणसाला जिवाची भीती वाटली, तर त्याने किती जोर लावला हे विचारायचे नाही. किती फटके ते मोजायचे नाहीत. पळाला का नाही हे विचारायचे नाही. शिवाय आधीच शिक्षा झालेल्यांनाही हा कायदा लागू होणार होता.

दोन वर्षे खल झाला. शेवटच्या वाचनात एक सभासद उठले आणि म्हणाले की कुरण सरकारचे असते, ते कुणाचे घर नव्हे. तिथे कुणाला मालकासारखा हक्क कसा द्यायचा? दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. 'चराईच्या तळावर' हे शब्द काढून टाकले आणि कायदा मंजूर झाला. वर्तमानपत्रांनी त्याला साल्कीनचा कायदा म्हटले. आणि साल्कीन जिथे उभी होती, ती जागाच तेवढी त्या कायद्यातून गळली.

मीरगुलने अपील केले, ते दोन पानांत फेटाळले गेले. माझे काम संपले, म्हणून माझी चिठ्ठी कापून मला मालकाला परत देण्यात आले.

इशेन मला न्यायला आला. मी त्याला ओळखले ते चालण्याच्या आवाजावरून, एक पाऊल नीट आणि एक फरफटत. केस पांढरे झाले होते. घोड्या विकून टाकल्या होत्या. तो गावात एका खोलीत राहत होता. त्याने मला घरी नेले, चरबी लावली, कडी घासली आणि खुंटीवर टांगले. संध्याकाळी चहा पिताना तो माझ्याकडे पाहत बसे. एकदा म्हणाला, "तू माझ्या हातातून सुटला नसतास तर फटका मी मारला असता. बाईसाहेब घरी असती."

आता एकच वाट उरली होती. मीरगुलने त्याला समजावले, की मेलेल्याच्या आईने लेखी माफी दिली तर शिक्षा कमी होऊ शकते. इशेनने बुरुलला पत्र लिहिले, स्वतःच्या हाताने, चुका करत. महिनाभराने उत्तर आले. उत्तर कसले, पाव विकणाऱ्या बाईकरवी तोंडी निरोप : "शुक्रवारी ये. भावाला मी सांगते. सही करते."

मित्रांनो, त्या शुक्रवारी त्याने मला खुंटीवरून काढले. मी विचार केला, चाबूक घेऊन दारात जायचे नाही, हे याला कुणी सांगायला हवे का? पण त्याच्या मनात दुसरेच होते. आमच्याकडे जुनी चाल आहे. ज्या हत्याराने रक्त सांडले, ते पांढऱ्या कापडात गुंडाळून मेलेल्याच्या आईच्या पायाशी ठेवतात. तिने ते मोडावे, जाळावे, पुरावे. त्यानंतर दोन घरांत काही उरत नाही. त्याने मला साल्कीनच्या लग्नातल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळले. दुसऱ्या हातात सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेतली. गाडीने फाट्यापर्यंत गेला आणि पुढे तो पाय ओढत चालला.

कादिरकुलच्या आवाराला उंच भिंत होती. फाटक बुरुलने स्वतः उघडले. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इशेनने पिशवी खाली ठेवली आणि मला दोन्ही तळव्यांवर आडवे धरून पुढे केले. रुमाल वाऱ्याने घसरला.

ओसरीवर कादिरकुल चहा पीत बसला होता. त्याने विचारले, "कोण रे तो?"

बुरुल म्हणाली, "दादा, मी बोलावलंय त्याला. सांगितलं होतं ना तुला."

कादिरकुलने वाटी खाली ठेवली. तो उठला, आत गेला. आतल्या खोलीचे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एक खण, मग काडतुसे. इशेन माझ्यासकट तसाच उभा होता. फाटक त्याच्या पाठीशी उघडेच होते. तो वळून जाऊ शकला असता, पण बुरुलने अजून मला घेतले नव्हते आणि त्याला ते अर्धवट टाकून जाणे बरे वाटेना. कादिरकुलला बंदूक घेऊन यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दोन काय, चाळीस फटके झाले असते. एवढ्या श्वासांमध्ये माणूस प्रार्थना करून उठतो.

त्याने ओसरीच्या पायरीवरून गोळी घातली. इशेन पुढे पडला. मी त्याच्या अंगाखाली होतो.

या वेळी खटला उभाच राहिला नाही. नुसती चौकशी झाली, ती याच इमारतीत, आणि मला पुन्हा टेबलावर ठेवले गेले. कादिरकुलने सांगितले की ज्या चाबकाने भाच्याचा जीव घेतला, तोच घेऊन तो माणूस सूड उगवायला आवारात शिरला. आपल्याला जिवाची भीती वाटली, असेही तो म्हणाला. नव्या कायद्यात एवढेच पुरे होते. बुरुल उभी राहिली, तेव्हा सगळे तिच्याकडे वळले.

"मी बोलावलं होतं त्याला. माझा मुलगा गेलाय, भावाचा नाही. मी बोलावलं होतं."

अधिकाऱ्याने विचारले, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"भावाच्या."

"मग घराच्या मालकानं बोलावलं होतं का?"

ती खाली बसली. मी त्या टेबलावर पडल्या पडल्या तिचा श्वास ऐकत होतो. लेखनिकाने लिहिले : मालकाने बोलावले नव्हते. प्रकरण बंद झाले. त्या कायद्याचा आधार घेऊन आमच्या जिल्ह्यात सुटलेला पहिला माणूस कादिरकुल. खासदाराला मीरगुलने दूरध्वनी केला. त्याने दुःख व्यक्त केले आणि म्हणाला की कायदा सर्वांना सारखाच असतो. त्यात काय खोटे होते? कादिरकुललाही सारखा, इशेनलाही सारखा. फरक इतकाच की एकाला भिंत होती.

माझ्या गळ्यात दुसरी चिठ्ठी बांधली गेली.

पुढचे मी या खोलीत बसून ऐकले. आमच्या खोलीची कारकून रायकान आहे, पन्नाशीची, खिडकीत कांद्याची पात लावणारी. तिच्याकडे चहा प्यायला येणाऱ्या बायका सगळ्या खोऱ्याची खबर आणतात. बुरुल दुसऱ्या दिवशी मीरगुलकडे गेली आणि माफीच्या कागदावर सही करून आली. भावाने तिचे अंथरूण फाटकाबाहेर टाकले. ती बेकरीच्या मागच्या खोलीत राहायला गेली आणि पहाटे कणीक मळायचे काम करू लागली. तिची सही चालली. पुढच्या वसंतात साल्कीन सुटली. नवरा गेल्याची बातमी तिला तुरुंगात मीरगुलने सांगितली होती. असे म्हणतात की साल्कीनने तेव्हा एकच प्रश्न विचारला, "घोड्यावरून पडला का?" मीरगुलला हो म्हणता आले नाही.

सुटल्यावर आठवड्याभरात साल्कीन मला न्यायला आली. बरोबर बुरुल होती. मी दोघींना एकत्र पाहीन असे मला कधी वाटले नव्हते. साल्कीनची बोटे सुयांनी टोचलेली होती आणि ती हळू चालत होती. बुरुलने तिचा दंड धरला होता. दोघींमध्ये माया होती असे मी म्हणणार नाही. एकाच घरातून बाहेर टाकलेल्या दोन वस्तूंसारख्या त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

रायकानने मला कपाटातून काढून खिडकीवर ठेवले आणि कागद पुढे सरकवला. "इथं सही, बाई. तुम्ही वारस आहात म्हणून मिळतोय. नाहीतर वर्षअखेर जाळतात."

साल्कीनने कागद उचलला. ती भराभर वाचणारी नव्हती. ती ओठ हलवत वाचत गेली आणि एका जागी थांबली.

"हे काय लिहिलंय?"

रायकानने चष्मा लावला. "मालकाचं नाव."

"नावाच्या पुढं?"

रायकानने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "तो छापील रकाना असतो, बाई. एकीकडे बचाव करणारा, एकीकडे हल्लेखोर. कुठंतरी लिहावंच लागतं. त्याला काही अर्थ नाही, सही करा आणि घेऊन जा."

"अर्थ नाही तर खोडा."

"मला खोडता येत नाही."

बुरुल म्हणाली, "घे बाई सही करून. माणसाची एवढी एकच वस्तू राहिलीय."

साल्कीनने माझ्या मुठीवर हात ठेवला. वडिलांनी चोळलेल्या चरबीची ती जागा तिला अंधारातही सापडली असती. किती वेळ तिचा हात तिथे होता, मला सांगता येणार नाही. मग तिने लेखणी होती तशी खाली ठेवली.

"तो स्वतःच्या तंबूतही याला बाहेर टांगून यायचा," ती रायकानला म्हणाली. "मी फटके दोन म्हणाले, तर तुम्ही दोन लिहिलेत. खरं सांगितलं ते सगळं लिहिलंत. आता हे खोटं आहे, याच्यावर माझी सही नाही मिळणार."

ती निघून गेली. बुरुल दारात क्षणभर घुटमळली आणि तिच्या मागे गेली. रायकानने मला उचलून परत खालच्या फळीवर ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. वादीला चरबी लावा, ओलीत ठेवू नका, पोरांच्या हाती देऊ नका, असे मीही मागितले असते. आता ते नको. तुमच्यातले कुणी मोठेपणी कायदे लिहायला बसेल. तेव्हा बाहेर एकदा जाऊन या. कुरणात उभे राहा, भिंतीच्या आत उभे राहा, आणि दोन्ही ठिकाणांहून आपला कागद वाचून पाहा. आणि तुमच्यातले कुणी आताच कारकून असेल. वर्ष संपायला अजून पाच महिने आहेत. या कपाटातल्या खालच्या फळीच्या नोंदवहीत, इशेनच्या नावापुढचा 'हल्लेखोर' हा एक शब्द तेवढा खोडा. साल्कीन सही करायला येईल. तीही आता बेकरीच्या मागच्या खोलीतच राहते.